बेबीरूमसाठी सिस्टर पाहिजेत

आमच्या भिशीत प्रत्येकीकडे सांगायला काही ना काही असतं. कुणाकडे सासूचं, कुणाकडे सुनेचं, कुणाकडे सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं. माझ्याकडे नर्सेस. मी चहाचा कप हातात घेतला की कुणीतरी विचारतंच, "काय गं, या महिन्यात किती पळाल्या?" आणि मग घरून निघताना कितीही ठरवलेलं असलं तरी मला गप्प बसवत नाही. एक सांगावं तर त्याला चिकटून दुसरं येतं. मी आपली वैतागून सांगत असते आणि या बायका पदर तोंडाला लावून हसत असतात. एकीनं तर सांगूनच टाकलंय की घरचा टीव्ही बंद पडला तरी चालेल, पण तू भिशी सोडू नकोस.

सोलापुरात सात रस्त्याजवळ बाळंतपणाचं आणि बाळांचं एक हॉस्पिटल आहे, तिथं मी मेट्रन आहे. केबिनच्या दारावर नर्सिंग सुपरिंटेंडंट अशी पाटी आहे, पण एवढं म्हणायला कुणाला वेळ नसतो. काम तीन भागांत आहे. नुकत्याच पास झालेल्या मुली शोधून आणायच्या, त्यांना शिकवायचं, आणि शिकून तयार झाल्या की त्यांना निरोप द्यायचा. तिसऱ्या भागात माझा हात आता चांगलाच बसलाय.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण आमच्याकडे बेबीरूम आहे. अपुऱ्या दिवसांची, मूठभर वजनाची बाळं काचेच्या पेटीत ठेवतात, ती खोली. तिथं कुणालाही नेऊन उभं करता येत नाही. नव्या मुलीचा हात तिथं बसायला सहा महिने लागतात, आणि सहा महिने झाले की ती निघते. गेल्या वर्षी एकदम इतक्या निघाल्या की खोलीला कुलूप लावावं लागलं. पेट्या जागेवर, औषधं कपाटात, डॉक्टर हजर, आणि सिस्टर नाहीत! दारात बाळ आलं आणि गावात दुसरीकडे कुठं पेटी रिकामी नसली, की आम्ही ते गाडीत घालून पुण्याला पाठवत होतो. त्या दिवसांत मला घरी जेवण जात नव्हतं.

मग पायपीट करून पाच मुली जमवल्या आणि खोली उघडली. उघडली त्याच दिवशी आमच्या सरांनी मला बोलावलं. सर म्हणजे हॉस्पिटलचे मालक आणि बाळांचे डॉक्टर. म्हणाले, "मॅडम, या वेळी बंद पडली तर कायमची. मी तिथं डिलक्स रूम काढणार." सर वाईट माणूस नाहीत. ते माझ्याइतकेच वैतागले होते.

तर या पाच जणींचं काय झालं, ते सांगते.

*

भाग्यश्री अक्कलकोटकडची. मुलाखतीला आली ती एका गाडीतून, सोबत आई, बाबा, मामा, मामी आणि एक आजोबा. आजोबा कुणाचे कोण, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या केबिनमध्ये दोनच खुर्च्या. त्यावर मामा आणि आजोबा बसले आणि जिची मुलाखत होती ती दाराशी उभी राहिली.

मी विचारलं, "बाळाचा श्वास थांबला तर पहिल्यांदा काय करशील?" मामा म्हणाले, "करंल की. शिकलीया न्हवं का." यानंतर मुलाखत मामांनी घेतली. मेसला कोण आहे, स्वयंपाक शाकाहारी का, हॉस्टेलचं गेट किती वाजता लागतं, खिडक्यांना जाळी आहे का. मी एकेक उत्तर देत गेले. शेवटी त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "वॉर्डात पुरुष पेशंट असत्यात का?"

मी म्हटलं, "अहो, हे बाळांचं हॉस्पिटल आहे."

"त्ये खरं. पर बाळांचे बाप येत असतील की."

आई मध्येच मुलीच्या कानाशी लागून "बेडा, बेडा" करत होती. सोलापुरात एवढा जन्म काढल्यावर बेडा म्हणजे नको, इतकं कानडी मलाही येतं. पण मुलगी खमकी निघाली. रुजू झाली आणि पंधरवड्यात अशी रुळली की मी तिच्यावर मनातल्या मनात तीन वर्षांच्या ड्यूट्या लावून टाकल्या. महिना भरला आणि तीच गाडी तेवढीच माणसं घेऊन दारात उभी! पोरीला घरी न्यायला आले होते. मी मामांना बाजूला घेऊन विचारलं, काही त्रास झाला का, कुणी काही बोललं का, जेवण आवडलं नाही का.

"तसलं काय न्हाय मॅडम," मामा म्हणाले. "पोरगी फोनवर लई खूश वाटायला लागली. मग आमाला काळजी वाटली."

*

याच्या बरोब्बर उलट रेणुकाचे आबा. सांगोल्याकडचं घर, मेंढरं राखणारं. आबा लेकीला सोडायला आले ते खांद्यावर घोंगडं टाकून, आणि केबिनमध्ये मी खुर्ची दिली तरी उकिडवेच बसले. मी सवयीनं सगळं सांगायला सुरुवात केली. मेस अशी आहे, गेट इतक्याला लागतं, जाळ्या आहेत. ते ऐकत होते की नव्हते कुणास ठाऊक. माझं झाल्यावर उठले.

"जत्रंला तेवडी सोडा," म्हणाले. "बाकी तुमची."

एवढं बोलून गेलेसुद्धा. मी दारापर्यंत त्यांच्या मागे गेले, चहा घेऊन जा म्हटलं, पण एसटीला उशीर होईल म्हणाले. असा पालक मी नोकरीत पहिल्यांदा बघितला. रेणुकाही बापावर गेलेली. बोलायची कमी. तिला एकदा दाखवलं की पुन्हा दाखवावं लागत नसे. नाकातल्या नळीतून बाळाला दूध द्यायचं असतं, ते आपोआप हळूहळू उतरू द्यायचं असतं, आणि नव्या मुलींचा धीर तिथंच सुटतो. त्या घाई करतात. रेणुका सिरिंज हातात धरून अशी उभी राहायची, की बघणाऱ्याला वाटावं हिला आज दुसरं कामच नाही. ती माझी फार आवडती झाली, हे मी कुणाला कळू देत नव्हते. आवडलेली मुलगी आधी जाते, असा माझा अनुभव आहे.

*

सर पुण्याला एका सेमिनारला जाऊन आले. सेमिनारहून आले की मला धडकीच भरते, कारण बॅगेतून काहीतरी आयडिया निघते. या वेळी निघालं ते 'महिन्याची सर्वोत्तम सिस्टर'. रिसेप्शनवर मोठा बोर्ड लावायचा, त्यावर त्या महिन्यातल्या उत्तम मुलीचा फोटो, खाली नाव, गाव आणि शिक्षण. मुलींना कौतुक वाटेल, मग त्या टिकतील, असा हिशेब होता.

पहिला फोटो या पाचांतल्याच मोहोळच्या मुलीचा लागला. मुलगी दिसायला नीटनेटकी, फोटोत गोड हसलेली. रिसेप्शनला दिवसभर माणसं बसलेली असतात. त्यांना डॉक्टरची वाट बघण्याखेरीज उद्योग नसतो. समोर मुलीचा फोटो, खाली नाव, गाव, शिक्षण! आणखी काय हवं? त्या महिन्यात रिसेप्शनच्या खिडकीवर तिची चौकशी जेवढी झाली, तेवढी बाळांच्या लसींचीही झाली नाही. बोर्डावरून फोटो उतरायच्या आत तिचा साखरपुडा झाला आणि लग्न करून ती लातूरला गेली.

सर म्हणाले, योगायोग. पुढच्या महिन्यात बाळंतिणींच्या वॉर्डातल्या एकीचा फोटो लावला. तिचंही जमलं. तिसऱ्या महिन्यात मी सरांच्या हातापाया पडून बोर्ड उतरवला. ज्या दिवशी उतरवला त्याच दिवशी कँटीनजवळ एका मुलीची आई मला गाठायला आली होती. फार अजिजीनं म्हणाली, "मॅडम, आमच्या पोरीचा नंबर कवा लावताय? तिला आता चोवीस सरंल की."

*

सरांची दुसरी आयडिया त्याच सेमिनारमधली. प्रत्येक नव्या मुलीला एक जुनी मुलगी जोडून द्यायची. जुनीनं नवीला सांभाळायचं, तिचं मन रमवायचं, घरची आठवण येऊ द्यायची नाही. मला ही कल्पना बरी वाटली, म्हणून मीच जोड्या लावल्या. बेबीरूममधल्या एका नव्या मुलीला मी आमची सगळ्यात जुनी, सगळ्यात भरवशाची सिस्टर जोडून दिली.

दोघींचं इतकं जमलं, की विचारू नका. एकत्र डबा, एकत्र ड्यूटी, रविवारी एकत्र सिनेमा. सर मला म्हणाले, "बघा मॅडम, मन रमलं की माणूस टिकतो." आणि एका सोमवारी दोघी हातात हात घालून माझ्यासमोर उभ्या. पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात दोघींना एकदम घेतलं होतं. नवी म्हणाली, मला एकटीला जायची भीती वाटत होती, पण आता ताई सोबत आहे.

एक जाणार होती, तिथं दोन गेल्या!

*

बोर्ड उतरवला तरी बोर्डानं करायचं ते करून ठेवलं होतं. आमच्याकडे लग्नाच्या, कामसू, शिकलेल्या मुली असतात ही बातमी तालुक्यातालुक्यात पोचली होती. आता लोक मुलगी कामावर असताना गुपचूप बघायला येऊ लागले. घरी कांदेपोह्याला मुलगी साडी नेसून खाली मान घालून बसते, त्यातून काय कळणार? कामावर कशी वागते, कुणाशी कशी बोलते, ते बघायचं. विचार चांगला आहे, मी नाव ठेवत नाही. पण मोठ्यांच्या हॉस्पिटलात छातीत धडधडतंय म्हणून घुसता येतं. बाळांच्या हॉस्पिटलात घुसायचं तर बाळ लागतं.

म्हणून लोक बाळ उसनं आणायला लागले.

एकदा लसीकरणाची सिस्टर रजेवर होती, म्हणून त्या टेबलावर रेणुका होती. दोन बायका आल्या, कडक इस्त्रीच्या साड्या, केसांत गजरे, आणि एकीच्या कडेवर चांगलं गुटगुटीत मूल. बाळाला काय होतंय म्हटल्यावर एक म्हणाली खोकला, दुसरी म्हणाली जुलाब. वय विचारलं, तर एक म्हणाली आठ महिने आणि दुसरी म्हणाली वरीस झालं. रेणुकानं दोघींकडे एकदा बघितलं आणि बाळाचं नाव विचारलं.

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी जी थोरली होती ती म्हणाली, "आमी त्याला बाळच म्हंतो."

एव्हाना त्या दोघींनी रेणुकाला तिचं आडनाव, गाव, भावंडं आणि मामाचं गाव विचारून घेतलं होतं. रेणुकानं सगळी उत्तरं दिली. मग बाळाची पाठ, पोट, घसा व्यवस्थित बघितला आणि शांतपणे सांगितलं, याची खरी आई कुठं आहे तिला बोलवा, बाळ तिच्याशिवाय परत देता येणार नाही. दोघींच्या तोंडचं पाणी पळालं. अर्ध्या तासात शेजारच्या घरातली एक तरणी मुलगी धापा टाकत आली. बघते तर काय, शेजारणींनी बाळाला बागेत फिरवून आणतो म्हणून नेलं होतं! तिच्याकडून रेणुकानं लसीचं कार्ड मागवलं, तर बाळाचा गोवराचा डोस राहिलेला. आईला विचारून तो तिथंच देऊन टाकला.

लग्न जमलं नाही. सर मात्र खूश झाले. म्हणाले, असे लोक आठवड्यातून दोनदा आले तर गावातलं एक मूल लसीवाचून राहणार नाही.

*

पुढचा किस्सा सांगताना मला अजून माझाच राग येतो.

उसन्या बाळांच्या प्रकारानंतर मी फार सावध झाले होते. बघायला आलेला माणूस मला लांबून ओळखू येतो, असं मी सगळ्यांना सांगत असे. साडी नवी, गजरा ताजा, चेहऱ्यावर आजाराची काळजी नाही, आणि डॉक्टर कधी येणार हे विचारायच्या ऐवजी सिस्टरचं गाव विचारणार. अशी बाई दिसली की मी तिला केबिनमध्ये बोलावून मुलीविषयी असं काही सांगायचे, की ती पुन्हा फिरकायची नाही.

अश्विनी इथल्याच, जवळच्या कुंभारी गावची. घरी तेलुगू, आजोबा-पणजोबा मागावरचे, आई विड्या वळते. भाग्यश्री गेली, मोहोळची गेली, एक पुण्याला गेली, तेव्हा बेबीरूमला रेणुका आणि अश्विनी दोघीच उरल्या होत्या. दोघी आलटून पालटून खोली ओढत होत्या. अश्विनी गेली तर खोली गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं.

अशात एक बाई आल्या. नवी रेशमी साडी, अंबाड्यावर मोगरा. बेबीरूमच्या काचेशी उभ्या राहून अश्विनीशी तेलुगूत बोलत होत्या. मी कान दिला. तेलुगू मला फारसं येत नाही, पण आडनाव आणि कुंभारी एवढं कळलं. बस! मी त्यांना केबिनमध्ये घेऊन गेले, पाणी दिलं आणि सुरू झाले. म्हटलं, मावशी, स्पष्ट सांगते, पोरगी फार तापट आहे. डॉक्टरलाही उलटं बोलते. स्वयंपाकातलं तिला काही येत नाही. आणि नोकरी ती जन्मात सोडणार नाही, तिच्याच्यानं घर चालतं, आईवडिलांना तिचाच आधार आहे. माझ्यासारखी वरिष्ठसुद्धा तिला घाबरून असते.

त्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी नातवाचं वजन किती वाढलं ते इचारायला थांबले व्हते."

त्यांचा नातू दुसऱ्या पेटीत होता. सून माहेरी बाळंतपणाला आलेली, या त्यासाठी सुरतहून आलेल्या, आणि स्टेशनवरून येताना कुणाच्या तरी बारशाला जाऊन आल्या होत्या. साडी आणि मोगरा बारशाचा! मी खुर्चीतल्या खुर्चीत मेले. माफी मागितली, वजन सांगितलं, चहा मागवला. त्या चहा पिता पिता विचारात पडल्या होत्या.

"डाक्टरला उलटं बोलती म्हंता?" त्यांनी विचारलं. "माझ्या धाकट्याला अशीच पायजे. लई मऊ हाय त्यो."

अश्विनी आता सुरतला असते. मधूनमधून फोन करते, सुखात आहे. सरांना हे सांगायला गेले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही बोलायला कशाला गेलात?"

*

त्याच आठवड्यात सुतार आला. मी राउंडवर होते. बघते तर बेबीरूमच्या बाहेर एक माणूस टेप लावून भिंत मोजतोय आणि कानामागच्या पेन्सिलीनं तिथंच खुणा करतोय. आत चार पेट्यांत चार बाळं. मी त्याला म्हटलं, काय चाललंय? तो म्हणाला, "डिलक्सचा वार्डरोब कुटं बसवायचा ते बघतोय."

मी तशीच सरांकडे गेले आणि भांडले. तेही भांडले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रेणुका आणि बाळंतिणींच्या वॉर्डातून उसनी घेतलेली एक सिस्टर, एवढ्यावर बेबीरूम चालवणं म्हणजे बाळांच्या जिवाशी खेळ. दोन नव्या मुली मी शोधून ठेवल्या होत्या, पण त्यांना शिकवायला तरी कुणी हवं. ते रेणुका करू शकत होती. रेणुका राहिली तर सर थांबायला तयार होते. आणि रेणुकासाठी तिच्या घरी स्थळं बघताहेत, हे मला हॉस्टेलच्या वॉर्डनकडून कळलं होतं. मी तिला एकदा विचारलंही. ती म्हणाली, "आबा बघत्यात. माझं मी बघंन." यातून काय समजायचं ते मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. रोज सकाळी गेटातून आत येताना मी आधी हॉस्टेलच्या दोरीवर तिचे कपडे आहेत का, ते बघत होते. हसू नका. खरंच बघत होते.

*

आता शेवटचा. हा मी भिशीत सांगितला तेव्हा कुणी हसलं नाही.

एका दुपारी बेबीरूमच्या बाहेरच्या बाकावर एक बाई येऊन बसली. पन्नाशीची, साधं लुगडं, गजरा नाही, कडेवर बाळ नाही. वॉचमननं विचारलं कुणाच्या नातेवाईक, तर म्हणाली, कुनाची न्हाय. काचेतून आत बघत राहिली. आत रेणुका होती. मी दोनदा तिथून गेले आणि दोन्ही वेळा तोंड घट्ट मिटून गेले. अश्विनीनंतर मी कानाला खडा लावला होता. बरं नाही, वाईट नाही, काहीच बोलायचं नाही.

दुपार सरली. बाईनं चहा घेतला नाही, जागची हलली नाही. रेणुकाची ड्यूटी संपली होती, पण पुढची सिस्टर यायची होती, म्हणून ती आतच होती. मग बाई उठून माझ्या केबिनमध्ये आली.

मोडनिंबची होती. रेणुकाच्याच समाजातली. सांगोल्याला जाऊन आबांना भेटून आली होती. आबा म्हणाले होते, पोरीला इचारा आणि तिच्या मॅडमला इचारा.

मला इतका थकवा आला की काय सांगू. खोटं बोलायची ताकदच नव्हती. मी म्हटलं, बाई, मुलगी लाखात एक आहे. तिच्यात मला काही खोट दिसत नाही. तिची इच्छा असेल तर खुशाल न्या. मी कोण अडवणार? ती गेली की ही खोली बंद होणार, सुतार भिंत मोजून गेलाय, पण ते तुम्ही मनावर घेऊ नका, तो आमचा प्रश्न आहे.

"बंद व्हनार?" बाईनं विचारलं.

"हो."

मग ती बोलली. आवाज चढला नाही की उतरला नाही.

"माझ्या थोरल्या लेकीचं बाळ मागल्या साली हितंच आनलं व्हतं. सातव्या म्हैन्यातलं. तवा बी ही खोली बंद व्हती. सिस्टर न्हाईत म्हनले, पुन्याला न्या म्हनले. मोडनिंब यायच्या आत ग्येलं. मग पुडं न्यायचं कशाला? आमच्याच फाट्यावर डायवरनं गाडी आत वळवली."

मला ते बाळ आठवेना. त्या दिवसांत किती गाड्या पाठवल्या होत्या. मी त्या बाईकडे बघत होते आणि मला ते बाळ आठवत नव्हतं, याची मला इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. ती मात्र रडत नव्हती.

"मी पोरगी न्यायला न्हाय आले बाई," ती म्हणाली. "पोरगा द्यायला आलीया."

मला कळलंच नाही.

"गाड्यांचं वायरिंग करतो त्यो. हायवेला गाळा हाय. पर गाड्या सोलापुरात बी हायत की. हितंच कुटंतरी खोली घेतो म्हंतोय. तिला पसंत पडला तर. ती हितनं हलायची न्हाय, त्यो हितं येईल. खाली थांबलाय, येताना कापडं बी घिऊन आलाय."

मी उठले. सरळ बेबीरूमकडे गेले आणि दार अर्धवट उघडून उभी राहिले. रेणुका पाठमोरी होती. पेटीतल्या बाळाच्या नाकात नळी, वर तिच्या हातात सिरिंज, दूध थेंबथेंब खाली जात होतं. मी हळूच म्हटलं, "रेणुका, मोडनिंबहून माणसं आलीयेत. मुलगा खाली थांबलाय. तुझ्याशी बोलायचंय त्यांना."

तिनं मागं वळून बघितलं नाही.

"बसाय सांगा मॅडम," ती म्हणाली. "दूध उतरतंय अजून."